आईला सांगायचं कुणी?



दरवर्षी जुलै उजाडला की मी सातवीच्या वर्गाला 'माझी आई' हा निबंध लिहायला देतो. विषय घासून गुळगुळीत झालाय, मान्य. बहुतेक वह्यांत आई पहाटे उठते, सडा टाकते, डबा करते आणि 'म्हणून ती मला फार आवडते'. गाइडमधली आई आणि वहीतली आई यांच्यात फरक असतो तो फक्त शुद्धलेखनाचा. तरीही मी हा विषय देतो, कारण चाळीस वह्यांत एखादी वही अशी निघते की मास्तरला खाली बसवते.

यंदा एका वहीत एकच ओळ होती. 'माझी आई सध्या पुण्याला मामाकडे गेली आहे.' खाली सगळं पान कोरं. मुलगा हुशार, अक्षर मोत्यासारखं. मी त्याला जवळ बोलावून विचारलं, "अरे, पुढे काही सुचलं नाही का?" तो म्हणाला, "सर, पुढचं मला कुणी सांगतच नाही."

गावात गोष्टी झाकून राहत नाहीत. त्याच्या आईला कर्करोग झालाय हे स्टँडवरच्या चहावाल्यालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त त्या मुलाला. (त्याच्या घरच्यांना विचारूनच हे लिहितोय आणि ओळखू येईल असे तपशील बदललेत.)

म्हणून आज निबंधाचा नमुना देत नाही. आज माझं मत मांडतो, आणि ते आधी माझ्याच घरावरून मांडतो. कारण त्या मुलाच्या घराने जी चूक केली, तीच मी तीन वर्षांपूर्वी केली होती; मुलाच्या बाबतीत नव्हे, आईच्या बाबतीत.

मी औंधचा. पुण्यातलं औंध नव्हे हो, साताऱ्याच्या खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं, पंतप्रतिनिधींच्या संस्थानचं औंध. आमचं घर ख्रिस्ती. आमच्या आळीत असं घर आमचं एकच. रविवारची उपासना साताऱ्याला, आणि गुरुवारी कधीमधी मंडळीतली चार माणसं घरी प्रार्थनेला येतात. आई अंगणवाडी सेविका होती. गावातल्या निम्म्या तरुणांना तिने खिचडी भरवलीय आणि पोलिओचे थेंब पाजलेत. त्रेसष्टाव्या वर्षी तिला छातीत गाठ लागली. सुईने तुकडा काढून तपासला आणि मिरजेच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मला. तिला नाही.

बाहेर आलो तेव्हा आई बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "काय म्हणाले?" मी म्हणालो, "साधी गाठ आहे गं. काढून टाकतील, मग थोडी ताकदीची औषधं." रहिमतपूरपर्यंतच्या रेल्वेत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी मोबाइलमध्ये. घरी आल्यावर भावाला, बहिणीला, बायकोला बजावलं, आईला कळू द्यायचं नाही. तिला सोसायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्याकडे असंच करतात, नाही का? फाइल लपवायची, डॉक्टरांना डोळ्यांनी खुणवायचं आणि आजाराचं नाव न घेता 'ते' म्हणायचं.

त्या गुरुवारी प्रार्थनेला माणसं आली. आई मधे बसलेली. आता प्रार्थनेत काय म्हणायचं? मी पाळकसाहेबांना आधीच कानात सांगून ठेवलं होतं. त्यामुळे सगळ्यांनी डोळे मिटून, हात जोडून, अगदी कळवळून आईच्या 'अशक्तपणा'साठी प्रार्थना केली. एका काकूंना तर रडू आवरेना. अशक्तपणासाठी इतकं कोण रडतं?

माणसं गेल्यावर आई शांतपणे म्हणाली, "तुम्ही सगळे एकदम गोड बोलायला लागलात, तेव्हाच कळलं होतं मला. पण देवालाही खोटं सांगितलंत रे?"

मी पंचवीस वर्षं मराठी शिकवतो. त्या प्रश्नाला मला उत्तर सुचलं नाही, आजही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आजार लपवून आजाऱ्याची सोबत करता येत नाही. तुम्ही जवळ बसता, पण तो एकटाच असतो. कारण त्याला माहीत असलेलं तुमच्याशी बोलता येत नाही आणि तुम्हाला माहीत असलेलं त्याच्याशी. दोघंही एकमेकांना जपत, एकमेकांपासून लांब जातात. आणि 'सोसणार नाही' हे आपण ठरवतो कुणाच्या वतीने? जिने दोन बाळंतपणं अंधारात काढली, दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडली, तिला काय सोसतं ते मी ठरवणार?

कुणी म्हणेल, सगळीच माणसं तुमच्या आईसारखी खंबीर नसतात. बरोबर आहे. सगळं एका दमात, आकड्यांसकट, तोंडावर फेकावं असं मी म्हणतच नाही. माणसाला विचारावं, "तुला किती जाणून घ्यायचंय?" एखादा म्हणेल, "मला नको, तुम्ही बघा." तोही त्याचा निर्णय. पण विचारलं तर पाहिजे. आम्ही विचारलंच नव्हतं.

श्रद्धेच्या घरात तर लपवण्याला जागाच असू नये, असं मला वाटतं. गेथशेमाने बागेतला प्रसंग ख्रिस्ती वाचकांना पाठ असेल. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. पकडले जाण्याच्या रात्री येशू पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना बरोबर घेतो आणि उघड सांगतो, की माझा जीव फार व्याकूळ झालाय, तुम्ही इथे थांबा, जागे राहा. हा प्याला टळेल तर बरं, असंही तो पित्याला म्हणतो. भीती लपवत नाही, धीराचं सोंग आणत नाही. आणि मित्र काय करतात? झोपतात! तीनदा येऊन बघतो, तीनदा झोपलेले. आईच्या आजारात ही गोष्ट मला नव्याने कळली. आजारी माणूस आपल्याकडे चमत्कार मागत नसतो. जागं राहायला सांगतो.

आईला सगळं सांगितल्यावर घर कसं बदललं ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे तिने फाइल मागितली आणि स्वतःच्या पिशवीत ठेवली. दुसरी, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनने केमोच्या तारखा तिने स्वतः लिहिल्या, दर एकवीस दिवसांनी एक, अशा आठ. त्याखाली तिने नावं घातली. कोण बरोबर येणार, कोण घरी वडिलांचं बघणार, रात्री कोण जागणार. आणि तिने वाटून दिलेली कामं आम्ही वाटली असती त्यापेक्षा कितीतरी शहाणपणाची होती. वडिलांना रुग्णालयाचा वास सहन होत नाही, हे तिला माहीत. मिरजेला त्यांना नेलंच नाही. त्यांना काम दिलं रोज संध्याकाळी एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं. चष्मा लावून, अडखळत, ते आठ महिने वाचत राहिले. भाऊ पुण्यात नोकरीला. त्याच्याकडे पैसे आणि कागद. बहिणीकडे दर केमोनंतरचे पहिले चार दिवस.

आणि मला? शस्त्रक्रियेनंतर जखमेतून एक नळी बाहेर काढतात, तिला बाटली जोडलेली असते. रोज त्यात साचलेलं पाणी मोजायचं, लिहायचं, बाटली रिकामी करायची. हे काम माझी बायको किंवा बहीण करील असं मी गृहीत धरलं होतं. आई म्हणाली, "तू करायचंस. लहानपणी तुझं मी सगळं काढलंय." पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते. शंभर मिली, मग सत्तर, मग चाळीस. वहीत आकडे उतरत गेले तशी माझी भीतीही उतरत गेली. पुरुषवाचकांनो, जरा थांबून विचार करा. आपल्या घरांत आजारपण आलं की 'सेवा' कुणाच्या वाट्याला येते आणि 'धावपळ' कुणाच्या? आपण मोटरसायकलवरून औषधं आणतो आणि तेवढ्यावर मोकळे होतो. बाटली रिकामी करायला शिका. त्याने माणूस लहान होत नाही.

आता एक कडू प्रसंग. तिसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी मंडळीतल्या लोकांनी मोठ्या प्रेमाने आमच्या घरी प्रार्थना सभा ठेवली. तीसेक माणसं, लहान खोली, दोन मुलांना सर्दी. नको म्हणायला मला संकोच वाटला. देवाच्या कामाला नको कसं म्हणायचं? तिसऱ्या दिवशी रात्री आईला ताप भरला आणि पहाटे गाडी करून मिरज गाठावी लागली. पाच दिवस सलाइन. डॉक्टर मला चांगलेच बोलले, आणि ते योग्यच होतं. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी अगदी खाली जातात. त्या काळात साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर सकाळची वाट बघायची नाही, घरातली गोळी देऊन झोपायचं नाही, तडक रुग्णालय. ही माहिती मला पहिल्याच दिवशी छापील कागदावर दिलेली होती. मी कागद लपवला होता ना, आईला दिसू नये म्हणून! लपवता लपवता मीही तो वाचला नाही.

त्यानंतर मंडळीने एक वेगळी पद्धत काढली. गर्दी बंद. रोज एकाच घरातून फोन, पाच मिनिटं, प्रार्थना आणि 'आज काय जेवलात?' ज्यांना यायचं त्यांनी डबा दारात ठेवायचा, खिडकीतून सलाम करायचा. एका भाऊंनी तर मिरजेच्या फेऱ्यांसाठी गाडीच दिली, पेट्रोलसकट. ही प्रार्थना नव्हे असं कोण म्हणेल?

प्रेमाने होणारं नुकसान गर्दीचंच असतं असं नाही. "विश्वास ठेवा, बाकी सगळं सोडून द्या," असं सांगणारेही भेटले. एका पाहुण्यांनी आईसमोरच काढलं, की विश्वासात कुठेतरी कमी पडलं असणार. गावातले दुसरे शहाणे म्हणाले, व्यायाम नसेल, पथ्य नसेल. आमच्या गावचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आयुष्यभर सूर्यनमस्काराचा प्रचार केला, शाळांतल्या पोरांकडून नमस्कार घालून घेतले. चांगलंच केलं. पण त्यातून आपण असं शिकलो की काय, की आजारी पडला म्हणजे चुकला? शुभवर्तमानात जन्मांध माणसाला बघून शिष्य हाच प्रश्न विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, याचंही नाही, त्यांचंही नाही. ईयोबाचे मित्रही बघा. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि बिनसलं.

शेजारच्या काकूंची गोष्ट मात्र निराळी. गुडघे दुखत असताना त्या मूळपीठाच्या पायऱ्या चढून गेल्या आणि आईसाठी यमाईला ओटी बोलून आल्या. माझ्या मनात आलं, आता आईला हे कसं वाटेल? आई म्हणाली, "माझ्यासाठी ती डोंगर चढली. तुझ्याच्याने झालं का?"

देव की डॉक्टर, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी मिरजेकडे बघावं. डॉ. विल्यम वानलेस हे मिशनरी डॉक्टर १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं रुग्णालय उभं राहिलं. देवावर त्यांचा विश्वास होता म्हणूनच ते दुसऱ्या देशात आले होते. आणि तरी त्यांनी हातात चाकू घेतला, पुढे वैद्यकीय शिक्षणही सुरू केलं. सांगली आणि मिरज यांच्यामधल्या वानलेसवाडीचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. तेव्हा क्षय हा शब्दही घरात हळू आवाजात उच्चारत. आज क्षयाबद्दल आपण बरंच मोकळेपणाने बोलतो, औषधही घेतो. कर्करोगाचंही तसं होईल, पण नाव घेतल्याशिवाय होणार नाही. शरद पवारांनी २००४ साली झालेल्या तोंडाच्या कर्करोगाबद्दल आणि तंबाखूबद्दल जाहीर सभांतून सांगितलं. राजकारण बाजूला ठेवा, पण त्या सांगण्याने किती जणांची पुडी सुटली असेल!

दुसरं मत घ्यायला आम्ही परळला टाटा रुग्णालयातही गेलो होतो. तपासणीच्या काचपट्ट्या आणि मेणातला तुकडा, ज्याला ते 'ब्लॉक' म्हणतात, बरोबर न्यावा लागतो, नाहीतर हेलपाटा. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्या दुःखातून पुढे टाटांच्या विश्वस्त निधीने हे रुग्णालय उभारलं, २८ फेब्रुवारी १९४१ ला ते सुरू झालं. एका घरातलं दुःख लपवून न ठेवल्याने काय होतं, ते आपण बघतोच आहोत. तिथल्या डॉक्टरांनी मिरजेचीच उपचारपद्धती बरोबर ठरवली आणि जवळच उपचार घ्या म्हणाले. मुंबईत आम्ही उतरलो दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. ख्रिस्ती आई, गाडगेबाबांची सावली, शेजारच्या खाटेवर बीडचे एक मुसलमान आजोबा. रात्री तिघांचे नातेवाईक एकमेकांच्या रुग्णांना पाणी देत होते.

पैशाचं पटकन सांगतो, कारण लाजेपोटी लोक विचारत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन बसतात. आता मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो, शिधापत्रिका आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा, उपचार सुरू होण्यापूर्वी. उपचारासाठी जाताना रेल्वेत रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीला पूर्ण सवलत आहे, सोबत्याला पाऊण. रुग्णालयातून तसा दाखला घ्यावा लागतो. आणि हेही ध्यानात घ्या, की आजाराचं नाव लपवलं तर यातला एकही फॉर्म भरता येत नाही.

उपचार लागू पडले नाहीत तर? हाही प्रश्न आईनेच विचारला, आम्ही नव्हे. अशा वेळी वेदना कमी करणारी सेवा असते. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसोझा यांनी सुरू केलेलं. कुठल्याही धर्माच्या रुग्णाला ते विनामूल्य सांभाळतं. पुण्यात वारज्यालाही १९९७ पासून असं केंद्र आहे. आईने दोन्ही पत्ते लिहून घेतले आणि पवित्र शास्त्राच्या शेवटच्या कोऱ्या पानात ठेवले. अजून ते काढावे लागलेले नाहीत. आता रोज एक गोळी, पाच वर्षं घ्यायची, आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. तपासणीच्या आदल्या रात्री तिला झोप येत नाही. तसं ती सांगते. मग आम्ही चहा करून बसतो.

परत त्या वहीकडे येतो. मुलाच्या वडिलांना मी शाळेत बोलावलं. स्टाफरूममध्ये ते बराच वेळ टोपी हातात घेऊन बसले. "सर, बारा वर्षांचं पोर, त्याला काय सांगायचं?" मी म्हणालो, "आज रात्री जेवताना सांगा. आजाराचं नाव सांगा. आई कुठे आहे, किती दिवसांनी येईल, केस जातील पण परत येतील, आणि डबा कोण करणार, हे सांगा. माहीत नसेल ते माहीत नाही म्हणून सांगा." ते काही बोलले नाहीत. गेले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरगा वही घेऊन माझ्यापाशी आला. डोळे सुजलेले. निबंधाचं पान त्याने उघडलंच नाही, मागचं पान उघडलं. तिथे पट्टीने रेघा मारून दिनदर्शिका काढली होती.

"सर, एकवीस दिवस म्हणजे रविवार धरून का?"

म्हटलं, धरून. तो तिथेच जिन्यावर बसला आणि बोटाने मोजायला लागला.